डाळिंबाची माती

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात काचवाल्यांची वाचा गेली. जाताना ती एकच शब्द मागे ठेवून गेली. तो शब्द होता ‘बुधवार’.

चाळीस वर्षं त्यांनी शहरभर खिडक्यांना काचा बसवल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना काचवाले म्हणत. सून तोंडावर ‘बाबा’ म्हणायची, पण मनातल्या मनात तीही काचवालेच म्हणायची. एका सकाळी ते दात घासायला उठले आणि बेसिनपाशीच खाली बसले. चेहरा एका बाजूला ओघळला, उजवा हात आणि उजवा पाय पाहुण्यासारखे परके झाले. दोन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले तेव्हा डाव्या हातात काठी होती आणि तोंडात तो एक शब्द.

“बाबा, चहा घेणार?”

“बुधवार.”

“उशी नीट करू का?”

“बुधवार.”

समोरच्या बाई भेटायला आल्या. “काय काचवाले, ओळखलंत का मला?” त्यांनी विचारलं.

“बुधवार,” काचवाले म्हणाले.

“अहो नाही, आज शुक्रवार,” बाई म्हणाल्या आणि सुनेकडे बघून डोळ्यांना पदर लावू लागल्या. काचवाल्यांनी डाव्या हाताने कपाळ बडवलं. सुनेला हसू फुटलं, ते तिने कसंबसं खोकल्यात लपवलं. काचवाल्यांच्या ते लक्षात आलं. ओठाची जी बाजू हलायची ती थोडी हलली.

वाचेचे व्यायाम घ्यायला आठवड्यातून दोनदा एक ताई यायच्या. त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, “काकांना सगळं कळतंय. आतलं सामान जागच्या जागी आहे, फक्त दार अडकलंय. फटीतून तो एवढा एकच शब्द बाहेर पडतो. तुम्ही शब्द ऐकू नका. चाल ऐका.”

“चाल?”

“गाण्याची असते तशी. ‘हो’ची वेगळी असते, ‘नाही’ची वेगळी.”

सून बरं म्हणाली, पण तिच्या कानांना गाण्याची सवय नव्हती. तिचे कान भट्टीच्या घरघरीने भरलेले असायचे.

ती पावाच्या भट्टीवर कामाला होती. पहाटेची पाळी संपवून नऊच्या सुमारास घरी यायची तेव्हा केसांच्या कडेला पिठाची पांढरी रेघ असायची आणि अंगाला गरम पावाचा वास. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर निघायच्या तयारीत असायचा. “बाबांचं आवरलंय. झाडांना पाणी घातलंय. तू झोप,” एवढं बोलून तो जिना उतरायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः कधी लिफ्टने जात नसे.

पूर्वी ती दुपारी दोनपर्यंत गाढ झोपायची. आता काचवाल्यांना धरून गच्चीत आणायचं, उन्हात खुर्ची द्यायची आणि स्वतः शेजारी बसायचं, असं सुरू झालं. बसल्या बसल्याच तिचा डोळा लागायचा आणि पाच मिनिटांनी उघडायचा. त्या थंडीत जागेपण आणि झोप यांच्यामधली भिंत अगदी पातळ झाली होती. वाळत घातलेली चादर हलली की तिला वाटायचं, कुणीतरी पलीकडून चालत येतंय. लांब कुठे हातोडी पडायची आणि तो ठोका तिच्या झोपेत शिरून दारावरची थाप व्हायचा. ऊन फरशीवरून सरकत तिच्या पावलांपर्यंत यायचं, गुडघ्यापर्यंत चढायचं. आणि भिंतीला लागून, लाकडी फळ्यांवर, काचवाल्यांनी कुंड्यांत खुजी राखलेली बारा झाडं उभी असायची.

सगळ्यांत लहान झाड वीतभर होतं, सगळ्यांत मोठं गुडघ्याइतकं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघितलं की त्यांचा आकार समजेनासा व्हायचा. ती लांबच्या टेकडीवरची मोठाली झाडं असावीत आणि आपण खूप दुरून, एखाद्या बोटीतून बघतोय, असं तिला वाटायचं.

या झाडांना तिने अकरा वर्षांत हात लावला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पेल्यातलं उरलेलं पाणी तिने एका कुंडीत ओतलं होतं. काचवाले ओरडले नव्हते. त्यांनी कुंडी कलती करून पाणी काढून टाकलं आणि शांतपणे म्हणाले होते, “तुझा हात पिठातला. पिठातच राहू दे.” त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. नवऱ्याचं दुखणं त्याहून जुनं होतं. सात वर्षांचा असताना त्याच्या चेंडूने एक झाड मुळासकट उडालं होतं. तेव्हापासून गच्चीत चेंडूही बंद आणि झाडांपाशी तोही बंद. आता वडील खुर्चीला खिळले तेव्हा कुठे त्याला झारी उचलायची मुभा मिळाली होती. झाडं तहानलेली राहिली तर बाबा काय म्हणतील, या धाकाने तो रोज प्रत्येक कुंडी काठोकाठ भरत होता.

थंडी ओसरायला लागली त्या दिवसांतली गोष्ट. सून खुर्चीत डुलक्या घेत होती आणि झोपेतच तिला वास आला. आंबट, कुबट. पीठ फार वेळ झाकून राहिलं आणि बिघडलं की येतो तसा. ती दचकून उठली. भट्टीवर असा वास आला तर पूर्ण घाणा फेकून द्यावा लागतो. पण इथे कुठलं पीठ? नाक जाईल तिकडे ती गेली आणि डाळिंबापाशी थांबली.

डाळिंब सगळ्या झाडांत थोरलं होतं. त्याचं खोड पिळलेल्या कपड्यासारखं होतं आणि एका अंगाला पोकळ. बाकीच्या झाडांवर पालवीचे डोळे फुगू लागले होते. याच्यावर मात्र ते नुसतेच तपकिरी ठिपके होते, आणि शेंड्याकडच्या दोन काड्या वाळून कडक झाल्या होत्या. सकाळी घातलेलं पाणी अजून मातीवर तळं करून उभं होतं. त्यात आभाळाचा एक तुकडा पडला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “डाळिंबाचं काहीतरी बिघडलंय.”

“बुधवार,” काचवाले म्हणाले. आवाज खाली गेला, विहिरीत दगड जावा तसा. त्यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून त्यांना दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं, हे तिला त्या एका क्षणात समजलं.

“मी हात लावू?”

काचवाल्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, खुर्ची पुढे सरकवायची खूण केली आणि तिची बोटं त्या चिखलात दाबली. गार, चिकट लगदा होता. बोटं बाहेर काढली तर ठशांच्या खड्ड्यांत लगेच पाणी भरलं.

“ही माती मेली आहे,” ती म्हणाली. कुठून सुचलं कोण जाणे.

“बुधवार,” ते म्हणाले. या वेळी शेवटचा ‘र’ त्यांनी लांबवला. तिने आयुष्यात ऐकलेला त्यांचा तो पहिला ‘हो’ होता.

गच्चीच्या कोपऱ्यात एक लाकडी कपाट होतं. त्यात पत्र्याचे सात डबे, तीन चाळण्या, तारेची वेटोळी, बांबूच्या काड्या आणि एक जुना रंगाचा ब्रश. एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. सगळं काचवाल्यांच्या डोक्यात होतं, आणि डोक्याचं दार बंद.

दुसऱ्या दिवशी तिने सगळे डबे उघडून एकेका ताटलीत थोडं थोडं काढलं. विटेचा लाल चुरा. काळी टोकदार खडी. पांढरे, पावाच्या गरासारखे भोकाभोकांचे हलके दगड. भाजलेल्या मातीचे पिवळट गोळे, जे नखाने दाबले की फुटायचे. भरड वाळू. कोळशाचे तुकडे. आणि कुजलेल्या पानांचं काळं खत, त्याला जंगलाचा वास होता. काचवाल्यांनी प्रत्येक ताटलीत डावा हात घातला. काचा कापायचं काम उजव्या हाताचं. डावा हात नुसती काच धरायचा आणि ओळखायचा. काच किती जाड आहे, कुठे ताण आहे, कुठे तडकेल, हे त्याला समजायचं. म्हणून की काय, तो हात अजून शहाणा होता. ते डोळे मिटून चिमटीत दाणे घोळवत राहिले.

सुनेला वाटलं, मिसळणं तर आपलं रोजचं काम. तिने चाळणी घेतली, विटेचा चुरा चाळला, खाली पडलेला मऊ लाल भुगा थाळ्यात घेतला आणि वर राहिलेले खडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग खडी चाळली, मग मातीचे गोळे. सगळ्याची भुकटी एकत्र केली, थोडं पाणी शिंपडलं आणि दोन्ही हातांनी मळायला घेतलं. छान गोळा झाला. तिने तो कौतुकाने सासऱ्यांपुढे धरला.

“बुधवार!”

एवढा मोठा आवाज त्यांनी आजारपणात कधी काढला नव्हता. काठीचा फटका बसून थाळा उडाला. लाल चिखल फरशीवर, भिंतीवर, तिच्या पायांवर पसरला.

“मला काय कळतं त्यातलं!” ती रडत ओरडली. “अकरा वर्षं हात लावू दिला नाहीत, आणि आता म्हणता येत नाही! कुणी शिकवलं मला?”

काचवाले थिजले. मग त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एका डोळ्यातून भराभर आणि दुसऱ्यातून सावकाश. चादर वाऱ्याने फुगली आणि बसली. बऱ्याच वेळाने काचवाल्यांनी काठी कचऱ्याच्या डब्याकडे केली. ते तिने फेकलेले खडे दाखवत होते.

सुनेने नाक पुसलं. डब्याकडे बघितलं. चाळणीकडे बघितलं.

“म्हणजे उलटं?” ती म्हणाली. “वर राहील ते घ्यायचं? आणि खाली पडेल ते टाकायचं?”

“बुधवार,” आणि लांबवलेला ‘र’.

ती आधी हसली आणि मग हसतच राहिली. अठरा वर्षं तिने भट्टीवर पीठ चाळलं होतं. वर राहील ते टाकायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. इथे मऊ ते वाईट आणि खरबरीत ते चांगलं. भुगा मुळांचा श्वास कोंडतो, हे तिला पुढे डाळिंबाची कुंडी उपसल्यावर डोळ्यांनी दिसणार होतं. आत्ता तिने फक्त हात उलटा वळवला.

त्या आठवड्यात रोज सकाळी त्यांचं तेच चाललं. ती तीनही चाळण्या एकाखाली एक धरायची. सगळ्यांत वरच्या चाळणीतले ढेकळांएवढे तुकडे कुंडीच्या तळासाठी, मधलीतले मसुराएवढे दाणे मुख्य मिश्रणासाठी, तळाच्या चाळणीतले मोहरीएवढे वरच्या थराला. आणि त्याखाली पडणारी धूळ वाऱ्यावर. धूळ उडायची तेव्हा उन्हात तिचा सोनेरी पडदा व्हायचा, आणि त्या पडद्याआड काचवाले खुर्चीत बसलेले, जुन्या फोटोत असावेत तसे.

मिश्रण झालं की ती ते तळाला भोकं असलेल्या रिकाम्या कुंडीत भरायची आणि तांब्याने पाणी ओतायची. पहिल्यांदा नुसती खडी आणि वीट घेतली, तर पाणी आलं तसं निघून गेलं. दाणे वरून ओले, आतून कोरडे. काचवाल्यांनी बोटं बुडवली. “बुधवार, बुधवार,” दोनदा, तोकडं, हाताने माशी हाकलावी तसं. म्हणजे नाही. दुसऱ्यांदा मातीचे गोळे आणि खत हात सैल सोडून घातलं, तर पाणी वर घुटमळलं. पुन्हा नाही.

“थोडं कमी?” ती विचारायची.

“बुधवार?” ते चढत्या आवाजात म्हणायचे. म्हणजे बघ करून.

आता तिला चाली ओळखू येऊ लागल्या होत्या. लांब म्हणजे हो. तोकडी जोडी म्हणजे नाही. चढता म्हणजे कर आणि बघ. आणि एक अगदी बारीक, श्वासावरचा, जो ते तिच्याकडे न बघता म्हणायचे. त्याचा अर्थ तिला लागला नव्हता. वाचेच्या ताई एकदा मध्येच आल्या, दाराशी उभ्या राहून दोघांचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, “आज मी व्यायाम घेत नाही. चालू द्या तुमचं.”

एका सकाळी भट्टीवर जास्तीचं काम होतं आणि ती अगदी गळून आली होती. खुर्चीत बसून तिने उजवा हात मिश्रणाच्या घमेल्यात घातला आणि तसाच राहिला तो. डोळे मिटले.

झोपेत ती दाण्यांच्या मध्ये उभी होती. दगड खोल्यांएवढे होते, एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी टेकलेले, आणि त्यांच्यामधून बोळ गेले होते, वळणावळणाचे, गार. लाल भिंत, मग पांढरी भिंत, मग पिवळट. हवा खेळत होती. मग वरून पाणी आलं. त्यात घाई नव्हती. ते प्रत्येक भिंतीला हात लावत खाली गेलं, कुठेच बसून राहिलं नाही, पण जिथे जिथे हात लागला तिथे ओल ठेवून गेलं. पिवळ्या भिंतींनी ते आत ओढून घेतलं, लाल भिंतींनी थोडं, काळ्या भिंतींवरून ते नुसतं घसरलं. आणि त्या ओलीचा माग काढत एक पांढरं मूळ आलं, काडीएवढं बारीक, चाचपडत. ते तिच्या खांद्याला लागलं, थबकलं आणि वळसा घालून पुढे गेलं. बोळाच्या टोकाला काचवाले उभे होते आणि खूप बोलत होते, भराभर, पूर्वीसारखं, हातवारे करत. तिने एक न एक शब्द ऐकला. जाग आली तेव्हा त्यातला एकही आठवेना. पण किती घ्यायचं ते हाताला समजल्यासारखं झालं होतं.

तिने ताटल्या पुढे ओढल्या. दोन ओंजळी भाजलेल्या मातीचे गोळे, एक ओंजळ वीट, एक ओंजळ हलका पांढरा दगड. वरून मूठभर काळी खडी. आणि खत चिमूटचिमूट, पावात मीठ घालावं तसं. मळायचं नाही, फक्त बोटं पसरून खालून वर उचलायचं. कुंडीत भरलं. पाणी ओतलं. वरचं पाणी क्षणभर चमकलं, मग एकदम आत गेलं आणि तळाच्या भोकांतून गढूळ, मग स्वच्छ, धार लागली. धार तुटली. तिने मूठभर मिश्रण उचललं. ओलं होतं आणि तरी मोकळं. मूठ उघडली की सुटत होतं.

काचवाल्यांनी हात घातला. खूप वेळ काढलाच नाही.

“बुधवार,” ते म्हणाले, तो बारीक, श्वासावरचा. या वेळी ते तिच्याकडे बघत होते.

नवऱ्याचं मात्र काही वेगळंच ठरलं होतं. संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, “रोपवाटिकेतला एक माणूस ओळखीचा आहे. रविवारी येऊन सगळी झाडं घेऊन जाईल म्हणतोय.”

“सगळी?”

“अगं, तुझे डोळे बघ आरशात. पहाटेची पाळी करतेस आणि दिवसा माती चाळत बसतेस. मला जमत नाही त्यांचं. मी पाणी घालतो तर ती सडतात.” तो कपाकडे बघत बोलत होता. “माझ्या हाताने मरण्यापेक्षा दुसऱ्याकडे जगू देत.”

आतल्या खोलीत काठी जमिनीवर आपटली. काचवाल्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते.

“तू पाणी घातलंस म्हणून नाही सडलं,” सून म्हणाली. “माती जुनी झाली होती. बसून बसून तिचा चिखल झाला. गेल्या वर्षीच बदलायची होती बहुतेक. कुणीही पाणी घातलं असतं तरी तेच झालं असतं.”

हे खरं होतं की थोडंच खरं होतं, तिला सांगता आलं नसतं. पण नवऱ्याचे खांदे बोटभर खाली आले, ते तिने पाहिलं.

“रविवारी तो माणूस दुपारी येणार ना?” ती म्हणाली. “मग सकाळी मला मदत कर. निदान हे एक झाड चांगल्या मातीत जाऊ दे.”

रविवारी तिला सुट्टी होती. ऊन कोवळं होतं. फरशीवर जुनी चादर अंथरून तिघं तिच्याभोवती बसली, काचवाले खुर्चीत आणि ती दोघं खाली. सुनेने कुंडीच्या कडेने सुरी फिरवली आणि डाळिंब उचललं. माती कुंडीच्या आकाराचीच बाहेर आली, काळी, गच्च, दुर्गंधी सोडणारी. बांबूच्या काडीने ती एकेक ढेकूळ सोडवत गेली. तिला दिसलं की धुळीने दाण्यांमधले सगळे बोळ बुजवले होते. तळाची मुळं तपकिरी होऊन पिचली होती. बोटाने ओढली की साल निघून यायची. पण खोडाजवळ, आत आत, एक झुबका अजून पांढरा होता.

“आहे, बाबा,” ती म्हणाली. “जिवंत आहे.”

काचवाल्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मेलेली मुळं त्यांनी एकेक बोटाने दाखवली आणि तिने ती कापली. निम्म्याहून अधिक गेली. उरलेल्या मुळांवर तो एवढा मोठा वाकडा जीव उभा राहणार कसा? नवीन कुंडीत तळाला जाळी, भोकांतून वर काढलेली तार, मोठे दाणे, मग मिश्रणाची लहानशी टेकडी. तिने झाड टेकडीवर ठेवलं, तर ते दारुड्यासारखं कलंडलं. एका हाताने धरलं तर माती भरता येईना. काचवाल्यांनी काठी टाकून पुढे वाकायचा प्रयत्न केला आणि तोल जाऊ लागला, तसा नवरा झटकन उठला आणि त्याने वडिलांना धरलं.

काचवाल्यांनी मुलाचा हात सोडला नाही. ओढत नेऊन तो डाळिंबाच्या खोडावर ठेवला आणि वरून स्वतःच्या डाव्या हाताने दाबला.

नवरा सात वर्षांच्या मुलासारखा त्यांच्याकडे बघत राहिला. “मी?” त्याने विचारलं. “पडलं तर?”

“बुधवार, बुधवार,” काचवाले म्हणाले, तोकडं.

“नाही पडणार म्हणतायत,” सून म्हणाली. “घट्ट धर. आवळू नको.”

त्याने धरलं. लिफ्टच्या तारांना सरावलेली ती बोटं क्षणात शांत झाली. एका हाताने झाड सांभाळत त्याने दुसऱ्या हाताने कुंडीच्या भोकांतून वर आलेली तार मुळांवरून ओढली, आईच्या हातासारखा मऊ पीळ देत बसवली आणि पक्कडीने टोकं मुरगळली. झाड डगमगायचं थांबलं. “तार मला येते,” तो हळूच म्हणाला, जणू कुणी त्याला ते कधी विचारलंच नव्हतं. सुनेने ओंजळीने मिश्रण सोडलं आणि काडीने टोचत टोचत मुळांच्या सांदीकोपऱ्यात सरकवलं. काचवाले कान देऊन ऐकत होते. काडी पोकळीत गेली की आवाज मऊ यायचा, दाणे भरले की खरखरीत. मऊ आवाज आला की ते बोट उचलायचे आणि ती तिथे आणखी माती सोडायची. शेवटी पाणी घातलं. खालून आधी लालसर धार आली, मग निवळत निवळत अगदी काचेसारखी.

नवऱ्याने हात धुतले आणि फोन घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला. “नको येऊस,” तो सांगत होता. “नाही रे, दुसऱ्या कुणी घेतली नाहीत. आहेत आमच्याकडेच.”

त्यानंतर नुसती वाट बघायची होती. डाळिंब सावलीत ठेवलं. सून रोज भट्टीवरून आली की चप्पल काढण्याआधी त्याच्यापाशी जायची. वाळलेल्या शेंड्याकडची पूर्ण फांदीच गेली आणि तिला कापावी लागली. पाचव्या आठवड्यात खालच्या एका फांदीवर तांबूस ठिपका दिसला, नखाच्या टोकाएवढा. दुसऱ्या दिवशी त्याचं तांब्याच्या रंगाचं पान झालं, आणि मग चार. तिने काचवाल्यांची खुर्ची इतकी जवळ नेली की पान त्यांच्या नाकाला लागलं.

सगळंच काही वाचलं नाही. मदतीचा हात उशिरा पोचल्यामुळे दोन लहान झाडं त्या उन्हाळ्यात गेली. उरलेली एकेक करून नव्या मातीत गेली. नवरा तारा बांधायचा, सून चाळायची. अशाच एका सकाळी तिने झोपेच्या गुंगीत चाळण्याआधीच वीट घमेल्यात ओतली आणि मागून आवाज आला, “चाळ!”

तिने मागे वळून पाहिलं. काचवाले स्वतःच दचकले होते.

“काय म्हणालात?”

“चाळ,” ते म्हणाले. मग रागाने, मग हसत, मग रडत, “चाळ, चाळ, चाळ!”

अकरा वर्षांत त्यांनी तिला पुष्कळदा फर्मावलं होतं, पण हुकूम ऐकून तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले असं कधी झालं नव्हतं. वाचेच्या ताईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. वर्षअखेरपर्यंत आणखी नऊ शब्द आले. त्यात ना मुलाचं नाव होतं, ना सुनेचं. ‘पाणी’ होता, ‘सावली’ होता, ‘पुरे’ होता.

पुढच्या थंडीअखेर पाइनची पाळी आली. पाइनला ओल सोसत नाही, त्याची माती वेगळी. सुनेने सवयीप्रमाणे ताटल्या मांडल्या आणि घमेलं काचवाल्यांपुढे सरकवलं. त्यांनी हात घातला, दाणे घोळवले, आणि मग हात बाहेर काढून पंच्याला पुसला. खुर्चीत मागे रेलले. डोळे मिटले.

“बाबा? खडी किती घेऊ?”

ऊन त्यांच्या पापण्यांवर होतं. खरंच झोप लागली होती की नाही, ते सांगणं कठीण होतं, कारण हलणारा ओठ किंचित वर गेलेला होता. मग तिने काळी खडी दोन ओंजळी घेतली, पांढरा दगड एक, मातीचे गोळे जेमतेम अर्धी. खत घेतलंच नाही. मिश्रण खालून वर उचललं, मुठीत धरलं आणि मूठ उघडली. थोडं जडच वाटलं. त्यांनी कदाचित एवढ्यावर भागवलं असतं. तिने कोळशाचा डबा ओढला आणि आणखी एक चिमूट टाकली.